गोड्या पाण्यातली स्की बोट मचूळ पाण्यात: प्रकल्प नोंदी

4 जानेवारी

15 वर्षं तळ्यात पळालेली आमची स्की बोट (पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरानं ओढणारी) यापुढे खाडीत पळणार. तळं आता दूर पडतं, खाडी जवळ आहे, आणि बोट विकायची नाही हे घरात सगळ्यांचं ठरलंय. मग ती टिकवायची कशी, त्यासाठी ही वही.

बोट 6 मीटरची, फायबरची. मधोमध 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, त्यातून शाफ्ट तिरका मागे उतरतो. इंजिन मूळचं मोटारीचं, बीडाचं, आणि ते थंड होतं थेट बाहेरच्या पाण्यावर. बोटीखालचं पाणी इंपेलर पंपानं ओढलं जातं, ब्लॉक, हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्यातून) फिरतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. तळ्यात यात काहीच वावगं नव्हतं. खाडीत मात्र इंजिनाच्या पोटात दर फेरीला मिठाचं पाणी जाणार.

आज हत्याराला हात लावला नाही. बसून पाण्याला लागणारे धातू तेवढे लिहून काढले. ब्राँझ: स्ट्रट (बोटीखाली शाफ्टला धरणारा कंस), सुकाणू, पंखा. स्टेनलेस: शाफ्ट, शिडीचे कंस, बिजागऱ्या. पितळ: पाणी आत घेणारी जोडणी, नळ्यांच्या तोट्या, ब्लॉकची बुचं. बीड: ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड. अ‍ॅल्युमिनियम: दोर बांधायचा टॉवर. ट्रेलर रंगवलेल्या पोलादाचा. अ‍ॅनोड, म्हणजे बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारा मुद्दाम जोडलेला धातूचा तुकडा, एकही नाही, आणि इंजिन आतून धुवायला पाण्याचा पाइप जोडायची सोयही नाही. बोट बनवणाऱ्याचं यात काही चुकलेलं नाही, गोड्या पाण्यात यातलं काही लागतच नाही.

6 जानेवारी

मचूळ म्हणजे नक्की किती खारट, हे चवीवर सोडायचं नव्हतं. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा हातातला मीटर घेतला. आकडे मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये: नळाचं पाणी 0.3, तळ्याचं जपून आणलेलं बाटलीभर पाणी 0.2, ओहोटीच्या शेवटी खाडीचं 9, भर भरतीला 34. उघड्या समुद्राचं पाणी 25 अंशांना साधारण 53 दाखवतं.

एकाच जागी, एकाच वेळी, वरच्या थरात 12 आणि दोरीला बाटली बांधून 2 मीटर खालून काढलेल्या पाण्यात 29 आलं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, आणि समुद्राचं जड पाणी त्याच्या खालून पाचरीसारखं आत सरकतं. आमची बोट पाणी ओढते ते अर्ध्या मीटरावरून. म्हणजे ओहोटी लागल्यावर उतरलो तर इंजिनात जाणारं मीठ निम्म्याहून कमी. फुकटात मिळणारा एवढा मोठा फायदा दुसरा नाही, म्हणून फेऱ्यांची वेळ आता भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच ठरवणार.

तरी 9 हा आकडा दिलासा देणारा नाही. तळ्याच्या पाण्यापेक्षा 45 पट वीज त्यातून वाहते. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून पाण्यात बुडवले की त्यांची बॅटरी होते आणि दोघांतला दुबळा धातू झिजायला लागतो. तळ्यातही आमच्या स्ट्रट-शाफ्ट-पंख्याची अशीच बॅटरी होती. पाण्याचा विरोध इतका होता की तिला प्रवाहच सोडता येत नव्हता. तो विरोध आता गेला.

11 जानेवारी

चुंबक, कानस, भिंग आणि विजेरी घेऊन बोटीखाली आडवा झालो. पुढे काय बदललं ते कळायचं तर आज काय आहे याची नोंद हवी.

पितळ हे तांबं आणि जस्ताचं मिश्रण. खारट पाण्यात त्यातलं जस्त विरघळून निघून जातं आणि मागे राहतं ते स्पंजासारखं पोकळ तांबं. वस्तूचा आकार तसाच दिसतो, ताकद मात्र गेलेली असते. ओळखायची खूण सोपी: कानशीचा एक हलका फटका मारायचा. खाली पिवळं दिसलं तर धातू शाबूत, गुलाबी दिसलं तर जस्त गेलं. आज प्रत्येक तोटीवर, प्रत्येक बुचावर दिसणार नाही अशा कोपऱ्यात कानस लावली. सगळीकडे पिवळंच. प्रत्येकाचा फोटो काढला.

पंख्यावर मात्र जास्त वेळ गेला. जुन्या स्की बोटींचे पंखे बहुधा मँगनीज ब्राँझचे असतात. नाव ब्राँझ असलं तरी त्यात जवळजवळ 40 टक्के जस्त असतं, म्हणजे स्वभावानं ते पितळच. नव्या पंख्यांना निकेल-अ‍ॅल्युमिनियम-ब्राँझ वापरतात, ते खाऱ्या पाण्यात कितीतरी बरं टिकतं. आमचा जुन्यातला. पात्याच्या कडेला, जिथे धातू सगळ्यात पातळ आहे, तिथे खुणेचे दोन ठिपके कोरून ठेवले.

18 जानेवारी

पहिली फेरी. दोन तास, मधली ओहोटी, मीटरवर 21.

बोट ट्रेलरवर घेऊन आवारात आणेपर्यंत पाऊण तास गेला. पंपाच्या आधीच्या नळीत टी-जोड बसवून ठेवला होता, त्याला नळाचा पाइप लावला आणि इंजिन 5 मिनिटं संथ चालवलं. मागून पडणारं पाणी बादलीत धरून मोजत होतो. पहिल्यांदा 18, मिनिटानं 3, दोन मिनिटांनी 0.4. नळाच्या पाण्याइतकंच गोड. सगळं बंद केलं.

मग वाटलं, ब्लॉकमधलंही एकदा बघून घ्यावं. डाव्या बाजूचं बूच काढलं. थेंबही आला नाही. भोकात तार घालून ढवळली तर गंजाचे बाजरीएवढे दाणे बाहेर आले आणि मागोमाग तांबडं पाणी धो-धो. मीटर लावला: 17.

भाऊ बादली धरून उभा होता. "दादा, मागून तर गोडं पाणी येत होतं ना?"

"मागून येत होतं. ब्लॉकमधलं हललंच नव्हतं."

कारण थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की उघडणारी झडप. तो बंद असताना पंपाचं थंड पाणी ब्लॉकला वळसा घालून सरळ मॅनिफोल्डमधून मागे जातं, आणि ब्लॉकमधलं पाणी आतल्या आत फिरत राहतं. पाऊण तासात इंजिन निवलं होतं, त्यावर नळाचं गार पाणी, आणि थर्मोस्टॅट 71 अंशांचा. 5 मिनिटांत तो उघडणार कसा? मी धुतलं ते मॅनिफोल्ड आणि मफलर. सगळ्यात महागाचा भाग, बीडाचा ब्लॉक, खाडीचं पाणी पोटात घेऊन आठवडाभर तसाच बसला असता, आणि मी निवांत झोपलो असतो. मीटर घेतल्याचं आज फार बरं वाटलं.

25 जानेवारी

धुण्याची पद्धत मुळापासून बदलली. तीन बदल.

पहिला, थर्मोस्टॅट. 71 अंशांचा काढून 60 अंशांचा घातला. तो लवकर उघडतो हा एक फायदा, पण खरं कारण दुसरं. खारट पाण्यातले कॅल्शियमचे क्षार पाणी जितकं तापेल तितके कमी विरघळतात आणि गरम भिंतीवर किटण धरतात. म्हणून खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणारी इंजिनं मुद्दाम कमी तापमानाला चालवतात. जुना थर्मोस्टॅट डबीत ठेवला आहे.

दुसरा, नळ आणि पंप यांच्यामध्ये पिंप. नळ मिनिटाला 14 लिटर देतो, इंजिन संथ चालत असताना पंप 20 च्या आसपास ओढतो. थेट जोडलं की पंप उपाशी राहतो, आणि इंपेलरचं रबर कोरडं फिरलं तर मिनिट-दोन मिनिटांत फाटतं. उलट इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी दाबानं पुढे जात राहतं, मफलर भरतो आणि तिथून मागे चढून सिलिंडरमध्ये शिरतं. ही चूक इंजिनाच्या जिवावर बेतते. थेट नळ लावायचाच झाला तर आधी इंजिन चालू मग नळ, आणि बंद करताना आधी नळ मग लगेच इंजिन. 200 लिटरचं पिंप जमिनीवर ठेवून पंपाला त्यातून ओढू दिलं की दोन्ही धोके टळतात, कारण पिंपाच्या पाण्याला दाबच नाही.

तिसरा, वेळ घड्याळावर मोजायचा नाही. थर्मोस्टॅटच्या पुढच्या नळीवर हात ठेवायचा, ती एकाएकी गरम लागली की थर्मोस्टॅट उघडला, आणि तिथून पुढे 10 मिनिटं.

आजच्या फेरीनंतर असं धुऊन बूच काढलं: 0.6. दोन्ही बाजूंचं. बोट आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तेव्हा ब्लॉक आणि मॅनिफोल्ड पूर्ण रिकामे करायचे, बुचाच्या भोकात तार घालूनच. पाणी येत नाही म्हणजे आत पाणी नाही, असं धरून चालायचं नाही.

1 फेब्रुवारी

अ‍ॅनोडची निवड. जस्त, अ‍ॅल्युमिनियम की मॅग्नेशियम, यावर आठवडाभर वाचत होतो.

जस्त समुद्रात चोख काम करतं. गोड्या किंवा मचूळ पाण्यात मात्र त्याच्यावर पांढरट-करडी साय धरते आणि ते आतून झोपतं. अ‍ॅनोड जागच्या जागी, न झिजलेला दिसतो आणि आपण खूश होतो, प्रत्यक्षात तो काम सोडून बसलेला असतो. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी ठीक, पण खारट पाण्यात ते इतकं जोरात सुटतं की थोड्या दिवसांत संपतं, आणि जवळपासचा रंगही उचलतो. अ‍ॅनोडसाठी बनवलेलं अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण, ज्यात थोडं जस्त आणि चिमूटभर इंडियम असतं, ते खाऱ्या आणि मचूळ दोन्ही पाण्यांत जागं राहतं. शिवाय किलोमागे जस्त साधारण 780 अँपिअर-तास देतं, तर अ‍ॅल्युमिनियम 2500 च्या घरात. आमच्या पाण्यात एका दिवसात 9 चे 34 होतात. अ‍ॅल्युमिनियम घेतलं.

जागा: बोटीच्या मागच्या फळीवर, पाण्याच्या रेषेखाली. बोट वेगात पाण्यावर चढली की तो भाग कोरडा होतो, पण त्यामुळेच मागच्या लाटेला आणि पंख्याच्या पाण्याला अडथळा नाही. शाफ्टवर कॉलर घालायचा विचार सोडला. स्ट्रटच्या रबरी बेअरिंगला पुढून पाणी मिळायला हवं, तिथे गर्दी नको.

नुसता बोल्ट मारून भागत नाही. अ‍ॅनोडनं ज्याला वाचवायचं त्याला तो तारेनं जोडलेला हवा. कल्हई केलेली जाड तांब्याची तार आतून स्ट्रटच्या बोल्टला, सुकाणूच्या नळकांड्याला आणि इंजिनाला नेली. प्रत्येक जोडाखालचा धातू पांढरा होईपर्यंत घासला. अ‍ॅनोडवर रंग लावायचा नाही, हे भावाला दोनदा सांगितलं, कारण परवा त्यानं ब्रश धुऊन ठेवला होता.

बसवण्याआधी अ‍ॅनोडचं वजन केलं: 912 ग्रॅम.

8 फेब्रुवारी

मोजमाप. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकीच्या धातूंचं व्होल्टेज मोजतात) बोटीच्या कडेनं पाण्यात सोडला, मल्टिमीटरचं एक टोक त्याला, दुसरं एकेका धातूला. अ‍ॅनोडची तार मुद्दाम सोडवून पहिलं वाचन घेतलं.

तारेशिवाय स्ट्रट उणे 255 मिलिव्होल्ट, सुकाणू उणे 260, शाफ्ट उणे 230. तार जोडली: स्ट्रट उणे 720, सुकाणू उणे 715, शाफ्ट उणे 230.

ब्राँझला वाचवायला निदान 200 मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा, तो दुपटीहून जास्त पडला. कमी खारट पाण्यात या इलेक्ट्रोडचं स्वतःचं वाचनही थोडं सरकतं, म्हणून मी सुट्ट्या आकड्यापेक्षा आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांमधल्या फरकाकडेच बघतो.

पण शाफ्ट जागचा हलला नाही. लोखंडी इंजिन तारेनं जोडलंय, शाफ्ट इंजिनाला जोडलाय, मग त्याला प्रवाह का पोचत नाही? गिअरबॉक्समध्ये तेलाचा पातळ थर, पुढे कपलिंगमध्ये रबर. डोळ्यांना एकसंध दिसणारी वस्तू विजेच्या दृष्टीनं तुटलेली होती. आणि पंखा शाफ्टवर आहे. म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त काळजी, तोच उघडा. आत शाफ्टवर घासत राहणारा स्प्रिंगचा ब्रश बसवला, त्याची तार बाकीच्या तारांना जोडली. शाफ्ट उणे 690.

ब्रश आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलकट काजळी जमली की हे पुन्हा तुटणार. दर महिन्याला तिथलं शाफ्ट घासून पुसायचं.

15 फेब्रुवारी

बाहेरचा अ‍ॅनोड नळीच्या आतल्या धातूला वाचवत नाही, त्याचा प्रवाह नळीत फार खोल शिरत नाही. म्हणून पाणी आत घेणारी जोडणी ब्राँझची घातली, बाकीच्या पितळी तोट्यांच्या जागी काचतंतू भरलेल्या नायलॉनच्या. अर्ध्या दिवसाचं काम. एका तोटीवर कानस लावली तर पिवळ्यात गुलाबी छटा होती. अवघ्या चार फेऱ्या.

1 मार्च

आजची नोंद माझ्या निष्काळजीपणाची आहे.

मागच्या रविवारी इंजिन नीट धुतलं, बोट बाहेरून धुतली, झाकण घातलं. बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीचं, बूच काढायचं राहिलं. आज झाकण काढलं तर आतून उबट, कुजट वास. इंजिनाखाली दोन बोटं पाणी. त्यात इंपेलर पंपाच्या कंसाचा खालचा बोल्ट बुडालेला, आणि पाण्याच्या रेषेवर बोल्टाभोवती गंजाची नारिंगी कड. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं दाबलं तसा नखाएवढा पोपडा सुटला. पोपड्याची आतली बाजू ओली होती. जिभेच्या टोकाला लावून पाहिली: खारट.

चकित केलं ते दुसऱ्या जागेनं. सामानाच्या कप्प्यातला गालिचा हाताला कोरडा लागत होता. तो उचलला तर खाली स्टेनलेसच्या चार स्क्रूंभोवती तपकिरी ओघळ. तिथे पाणी साचलेलं नव्हतं, ओल्या पट्ट्या आणि दोर टाकले होते तेवढंच.

मीठ खरं म्हणजे वाळतच नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतून पाणी ओढून पाझरायला लागतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे धुऊन काढलेलं नाही असं प्रत्येक कवच रात्री ओलं होतं, दिवसा घट्ट होतं आणि घट्ट होताना जास्तच खारट होतं. स्टेनलेसवर मायक्रॉनभर जाडीचीही नसलेली एक संरक्षक साय असते, ती टिकायला मोकळी हवा लागते. स्क्रूच्या डोक्याखाली, गालिच्याखाली हवा नाही, आणि मीठ आहे. तिथेच ती साय फुटते.

महिनाभर मी अ‍ॅनोड, मिलिव्होल्ट, तारा यांच्यात गुंतलो होतो. अ‍ॅनोड फक्त पाण्यात बुडालेल्या धातूचा रखवालदार. आमची बोट आठवड्यात तीन तास पाण्यात असते आणि 165 तास ट्रेलरवर. त्या 165 तासांत अ‍ॅनोड काहीच करू शकत नाही. तेव्हा काम करतं ते गोडं पाणी, आणि मोकळी हवा.

म्हणून: गालिचे काढून टाकले, त्यांच्या जागी उचलता येतील अशा रबरी जाळ्या. बिल्जमध्ये प्रत्येक फेरीनंतर दोन पिंपं गोडं पाणी ओतायचं, बोटीचं नाक वर करून बूच काढायचं. बूच चावीच्या जुडग्याला बांधलं आहे. ते हातात असेल तर भोक उघडं आहे. झाकण आता दुसऱ्या दिवशी घालायचं, सगळं वाळल्यावर. तोवर इंजिनाची पेटी उघडी.

15 मार्च

ट्रेलर. अख्ख्या बोटीपेक्षा ट्रेलरची हालत लवकर होते असं जाणते सांगतात, आणि आता पटलं. बोट फायबरची तरी आहे, ट्रेलर पोलादाचा, तोही पोकळ नळ्यांचा, आणि प्रत्येक फेरीला दोनदा बुडतो.

नळीच्या टोकाची रबरी टोपी काढली तर आतून अर्धा पेला पाणी पडलं. मीटर 26. रंग बाहेरून लखलखीत! प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांच्या टोप्या काढल्या, सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचं भोक पाडलं, पाइपला लांब नळकांडं लावून आतून धुतलं, आणि दोन दिवस वाळल्यावर लोकरीच्या मेणाचं तेल आत फवारलं. ट्रेलर नवा घ्यायची वेळ येईल तेव्हा गरम जस्तात बुडवलेलाच घ्यायचा. 3 ते 6 मिलिमीटर जाडीच्या पोलादावर तो थर सरासरी 70 मायक्रॉन असतो, आणि मुख्य म्हणजे नळीच्या आतही असतो.

चाकांची बेअरिंग. लांबून ट्रेलर ओढत आणला की हब गरम असतात. ते तसेच थंड पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. उजव्या चाकाचं ग्रीस दुधाळ झालेलं मिळालं. सगळी बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं. यापुढे किनाऱ्यावर पोचलं की आधी अर्धा तास थांबायचं, हाताला हब गार लागल्याशिवाय उतरवायचं नाही. दोर, स्की, पट्ट्या यांची तयारी तेवढ्यात होतेच.

बोट टेकते त्या फळ्या तांब्याच्या क्षारात मुरवलेल्या लाकडाच्या निघाल्या. ते तांबं ओलं झालं की अ‍ॅल्युमिनियम आणि साधं पोलाद दोन्ही खातं. फळी आणि कंस यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकची पट्टी घातली. ड्रम ब्रेक आतून धुता यावेत म्हणून मागच्या पत्र्याला पाइप लागेल असा निपल बसवला.

29 मार्च

तारा. स्टार्टर इंजिनाच्या अगदी खालच्या अंगाला आहे, त्याचे जोड उघडले, घासले, ग्रीस लावलं. बिल्ज पंपाची तार नुसती पिळून चिकटपट्टीनं बांधलेली होती, आतलं तांबं हातभर काळं पडलं होतं. तेवढी कापून कल्हईची तार घातली, वर गोंद असलेली आकसणारी नळी. टॉवरच्या अ‍ॅल्युमिनियममधले स्टेनलेसचे बोल्ट एकेक करून काढले, नायलॉनचे वायसर आणि आट्यांना गंजरोधक पेस्ट लावून परत बसवले. दोन बोल्टांभोवती पांढरी भुकटी जमायला लागली होती.

12 एप्रिल

स्टफिंग बॉक्स, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी डबी, उघडला. आतली दोरी काळी, ग्रॅफाइटची. ग्रॅफाइट वीज वाहतं, आणि धातूंच्या क्रमवारीत ते स्टेनलेसच्याही वर बसतं. खारट पाण्यात ते शाफ्टला घट्ट गुंडाळलेलं ठेवणं म्हणजे शाफ्टचा बळी देणं. दोरीखालच्या पट्ट्यात भिंगातून तीन बारीक खड्डे दिसले, सुईनं टोचल्यासारखे. नखाला जेमतेम लागतात. ते बारीक कागदानं साफ केले आणि पीटीएफईची (टेफ्लॉनची) पांढरी दोरी घातली, जोड एकाखाली एक येणार नाहीत असे.

फेरीनंतर स्टफिंग बॉक्सवर बाहेरून पाणी मारून उपयोग नाही. आतलं खारं पाणी जागीच राहतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि शाफ्टला नेमका तिथेच चट्टा पडतो. इंजिन धुण्याच्या पाण्याची एक बारीक नळी काढून स्टफिंग बॉक्सच्या निपलला दिली, आता इंजिन धुताना तोही धुतला जातो.

3 मे

बंद शीतकरण बसवून झालं. तीन शनिवार-रविवार लागले.

इंजिनाच्या आत आता कूलंट फिरतं, आणि खाडीचं पाणी फक्त उष्णताविनिमयकाच्या (कूलंटची उष्णता खाडीच्या पाण्याला देणाऱ्या) नळ्यांतून, तांबं-निकेलच्या. मॅनिफोल्डही कूलंटवर घ्यावेत का, यावर बराच विचार केला. घेतले असते तर बरंच, पण आमचे 15 वर्षांचे आहेत, आतून पोपडे सुटतात, ते कूलंटमध्ये फिरत बसले असते. मॅनिफोल्ड शेवटी झिजून बदलायचाच भाग. ब्लॉक बदलायचा नाही.

कूलंट भरण्याआधी ब्लॉक चार वेळा भरून, गरम करून, रिकामा केला. बुचातून आलेलं पाणी: 1.9, 0.7, 0.4, 0.3. नळाच्या बरोबरीला आल्यावरच थांबलो, कारण कूलंटमध्ये क्लोराइड राहिलं तर त्यातली गंजरोधकं निकामी होतात. मग क्षारविरहित पाण्यात निम्मं-निम्मं ग्लायकॉल. ब्लॉकमध्ये आता किटण धरणारं पाणी नाही, म्हणून डबीतला 71 अंशांचा थर्मोस्टॅट परत आपल्या जागी गेला. त्याला हातात घेताना बरं वाटलं.

धुण्याचं कामही हलकं झालं. खाऱ्या पाण्याच्या वाटेत थर्मोस्टॅट उरला नाही, त्यामुळे गार इंजिनावर 5 मिनिटं पुरतात, आणि मागून गोडं पाणी आलं की आतही गोडंच. विनिमयकातला पेन्सिलीएवढा अ‍ॅनोडही अ‍ॅल्युमिनियमचाच घातला. तो निम्मा झाला की बदलायचा.

24 मे

चार महिन्यांची तपासणी. बोट पाण्यात एकूण 41 तास.

मागचा अ‍ॅनोड सोडवला, ब्रशनं घासला, वाळवून वजन केलं: 909 ग्रॅम. 3 ग्रॅम गेले. पृष्ठभाग सगळीकडे सारखा खरखरीत, कुठे साय नाही, म्हणजे काम करत होता. तेवढ्या अ‍ॅल्युमिनियममधून साधारण साडेसात अँपिअर-तास निघतात, 41 तासांवर पसरले तर 0.2 अँपिअरच्या आत. स्ट्रट, सुकाणू, पंखा, शाफ्ट एवढ्या उघड्या धातूला पटण्याजोगा आकडा. या हिशेबानं तो अनेक वर्षं पुरेल, पण चिकटलेला जोड कधी सैल होईल सांगता येत नाही, म्हणून मिलिव्होल्ट दर महिन्याला बघायचेच. आज स्ट्रट उणे 705, शाफ्ट उणे 610. ब्रश घासल्यावर शाफ्ट उणे 685.

पंख्याच्या कडेचे दोन ठिपके जसेच्या तसे. कानशीचा फटका: पिवळा. स्टफिंग बॉक्सखालचे तीन खड्डे तीनच आहेत. ट्रेलरच्या टोप्या काढल्या, आत कोरडं, तेलाचा पातळ थर हाताला लागला. कप्प्यातल्या स्क्रूंचे ओघळ पुन्हा आले नाहीत.

एक गोष्ट राहिली. उजव्या मॅनिफोल्डच्या एल्बोच्या (वळणाच्या नळीच्या) गॅस्केटला बाहेरून गंजाची रेघ दिसते आहे, केसाएवढी. तिथून पाणी आत पाझरलं तर थेट सिलिंडरमध्ये. नवी गॅस्केट मागवली आहे, येत्या रविवारी दोन्ही एल्बो उघडायचे, तोवर बोट उतरवायची नाही.